वस्तूची पुष्पिका : पुराणवस्तुसंग्रहाची नोंद व जोपासना

१. जुन्या पोथ्यांचा संग्रह करणाऱ्यास नवी पोथी हाती येताच पहिली ओढ लागते ती तिच्या शेवटच्या पानाची. ग्रंथ पुरा झाल्यावर लेखक तेथे शक, संवत्सर, मास, तिथी, आपले नाव, गाव व पोथी कोणासाठी लिहिली, हे दोन ओळींत सांगून ठेवतो. ही पुष्पिका असली म्हणजे पोथीस कुळ, गाव व वय मिळते. ते पान हरवले की शंभर पानांची पोथीही केवळ अक्षरांच्या वळणावरून अदमासाने तोलावी लागते. कागदपत्रांच्या संग्राहकांसही हा अनुभव आहेच. एका रुमालात बांधलेले कागद एकमेकांची साक्ष देतात. त्यांतील मिती नसलेले एखादे पत्र काढून दुसऱ्या रुमालात घातले, तर त्याचा काळ ठरविण्याचा आधारच तुटतो.

जमिनीतून निघणाऱ्या वस्तूस अशी पुष्पिका नसते. नाण्यावर राजाचे नाव असेल, पण ते कोठे, किती खोल व कशाच्या शेजारी मिळाले हे नाणे सांगत नाही. खापर, मणी व मातीची मूर्ती यांवर तर नावही नसते. या वस्तूंची पुष्पिका ज्याच्या हाती त्या प्रथम येतात त्याने लिहावयाची असते. आणि त्याने ती वेळीच लिहिली नाही, तर मागाहून कितीही विद्वान मनुष्य आला तरी त्यास ती लिहिता येत नाही. एवढी एकच गोष्ट वाचकांपुढे मांडण्यासाठी प्रस्तुत लेखाचा उद्योग आहे. तो करण्याचा अधिकार आम्हांस विद्वत्तेने आलेला नाही, स्वतःच्या चुकीने आला आहे; ती चूक पुढे यथास्थळी सांगू.

२. संस्कृत शिकविण्यात आमचे आयुष्य गेले, म्हणून प्रथम त्या शास्त्रातील दृष्टांत देतो. 'सैंधव' शब्दाचे मीठ व घोडा असे दोन्ही अर्थ होतात. पानावर बसलेल्याने 'सैंधव आण' म्हटले तर मीठ आणावयाचे, प्रवासास निघालेल्याने म्हटले तर घोडा. शब्द तोच, अर्थ ठरविते ते प्रकरण. अनेकार्थ शब्दाचा अर्थ कशाकशाने निश्चित होतो याची गणना भर्तृहरीने वाक्यपदीयात केली आहे. तीत साहचर्य, प्रकरण, देश व काल ही येतात. उत्खननशास्त्र हाच न्याय वस्तूंस लावते. वस्तू कोणत्या थरात होती यावरून तिचा काल, कोठे होती यावरून तिचा देश, आणि शेजारी काय होते यावरून तिचे साहचर्य कळते. या तिहींवाचून हाती आलेली वस्तू सुंदर असेल, मौल्यवान असेल. परंतु तिचा अर्थ संदिग्धच राहावयाचा.

३. आता आपल्याच प्रांतातील काही उदाहरणे पाहू.

(अ) पुणे जिल्ह्यात घोड नदीच्या काठी इनामगाव आहे. तेथे डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात अनेक हंगाम उत्खनन केले व ताम्रपाषाणयुगीन शेतकऱ्यांची वसाहत उजेडात आणली. तेथील एका घराच्या जमिनीखाली झाकण असलेली मातीची पेटी मिळाली. तिच्याबरोबर कच्च्या मातीची शिरोहीन स्त्रीमूर्ती व मातीचा बैल होता. मूर्तीच्या पोटास व बैलाच्या पाठीस छिद्रे असून त्यांत काडी बसविली म्हणजे मूर्ती बैलावर आरूढ होते. हीच मूर्ती नांगराच्या फाळाने वर येऊन एखाद्या संग्राहकाकडे सुटी गेली असती, तर त्याने काय म्हटले असते? 'डोके मोडलेली बाहुली' असे म्हणून ती टाकून दिली असती, किंवा तिला नवे डोके बसविले असते! ती शिरोहीनच घडविलेली आहे, पूज्य म्हणून जपून पुरलेली आहे, आणि बैलाशी तिचा संबंध आहे, हे सर्व ज्ञान तीन वस्तू एकत्र व जागच्या जागी नोंदल्या गेल्यामुळे झाले.

(आ) नाशिकजवळ जोगळटेंभी येथे १९०६ साली क्षहरात नहपानाच्या चांदीच्या नाण्यांचा मोठा साठा मिळाला. त्यात सुमारे १३,२५० नाणी होती व त्यांपैकी नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपली मुद्रा पुन्हा उठविलेली होती. एच. आर. स्कॉट यांनी हा साठा तपासून त्याचे वर्णन प्रसिद्ध केले. नाशिकच्या लेण्यातील लेखात गौतमीपुत्राने क्षहरातांचा निःपात केल्याचे म्हटले आहेच. पण प्रशस्तीतील शब्दास व्यवहारातील साक्ष मिळाली ती या साठ्यामुळे. एक सुटे पुनर्मुद्रित नाणे एवढेच सांगते की, एकाच्या नाण्यावर दुसऱ्याने छाप मारला. दोनतृतीयांशांहून अधिक नाण्यांवर छाप आहे, हे प्रमाण मात्र जिंकलेल्या राजाचे चलन केवढ्या मोठ्या प्रमाणावर आपलेसे केले गेले ते सांगते. साठा मोजण्यापूर्वीच सराफांच्या व हौशी लोकांच्या हाती फुटला असता, तर नाणी राहिली असती, पण प्रमाण नष्ट झाले असते.

(इ) एप्रिल १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी सोपाऱ्याचा 'बुरुड राजाचा कोट' म्हणून ओळखला जाणारा स्तूप उकलला. आत दगडी पेटी, तीत एकात एक ठेवलेले करंडक, सोन्याची फुले, भिक्षापात्राचे तुकडे, आठ बुद्धमूर्ती व यज्ञश्री सातकर्णीचे चांदीचे नाणे असा ऐवज मिळाला. नाणे सातवाहनकालीन, तर मूर्ती शैलीवरून पुष्कळ उत्तरकालीन. या दोन काळांच्या वस्तू एकाच पेटीत निघाल्या असे नोंदलेले असल्यामुळेच, स्तूप मागाहून कोणी तरी श्रद्धेने उघडून मूर्ती आत ठेवल्या असाव्यात, हा विचार संभवतो. मूर्ती एका कपाटात व नाणे दुसऱ्या कपाटात ठेवून नोंद केली नसती, तर हा प्रश्नच कोणास पडला नसता.

(ई) आता उलट उदाहरण. प्रवरेच्या काठी, अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्यात, दायमाबाद येथे १९७४ साली एका भिल्ल शेतकऱ्यास खणताना चार भरीव धातुशिल्पे मिळाली : बैलजोडीचा रथ व त्यात उभा मनुष्य, हत्ती, गेंडा आणि रेडा. चोहोंचे मिळून वजन ६० किलोग्रॅमांहून अधिक. भारतीय प्राचीन धातुशिल्पांत यांच्या तोडीच्या वस्तू थोड्याच. परंतु त्या उत्खननाच्या खड्ड्यात थर पाहून निघालेल्या नव्हत्या. मागाहून एस. ए. साळी यांनी १९७५ ते १९७९ या काळात तेथे विस्तृत उत्खनन केले, व ही शिल्पे उत्तर हडप्पाकालीन मानावीत असा पक्ष मांडला गेला; दुसऱ्या पक्षाने धातूतील आर्सेनिकचे प्रमाण पुढे करून शंका घेतली. वादास तोंड फुटण्याचे कारण वस्तूंत नाही, वस्तूंच्या गेलेल्या जागेत आहे. शेतकऱ्यास दोष देण्याचे कारण नाही; त्याच्यामुळेच वस्तू मिळाल्या. पण एवढी भव्य वस्तूही पुष्पिकेवाचून आपले वय स्वतः सांगू शकत नाही, हे येथे दिसून येते.

४. आता आमची चूक. सुमारे ३५ वर्षांपूर्वी आम्ही गोदाकाठच्या एका गावी शाळेत होतो. गावाबाहेर जुनी पांढर होती. काळी म्हणजे पिकाची जमीन व पांढरी म्हणजे वस्तीची, हा भेद वाचकांस ठाऊक आहेच. वस्तीची राख व माती शतकानुशतके साचून जे टेकाड होते ती पांढर. पावसाळा सरला म्हणजे रविवारी मुलांस घेऊन आम्ही धुपलेल्या कडांवरून हिंडत असू. खापरे, शंखाच्या बांगड्यांचे तुकडे, मणी व शिशाची २३ नाणी आम्ही जमविली. ती कायद्याप्रमाणे कळविली पाहिजेत, हे आम्हांस तेव्हा सुचलेही नाही. मुलांनी खापरे काथ्याने घासून साबणाने धुतली. नाणी पुठ्ठ्याच्या डबीत घालून शाळेच्या नव्या प्लायवूडच्या कपाटात ठेवली. कपाटावर 'प्राचीन वस्तू' अशी सुंदर अक्षरांची पाटी आम्ही स्वतः रंगविली. नोंद काहीच केली नाही. सारे लक्षात राहील असे वाटले.

निवृत्तीनंतर एक तरुण अभ्यासक त्या भागातील सातवाहनकालीन वसाहतींचा शोध घेत आमच्याकडे आल्या. कपाट उघडले तो २३ नाण्यांपैकी ९ नाण्यांची पांढरी भुकटी झालेली. उरलेली हातात घेऊन त्यांनी विचारले, "गुरुजी, ही पांढरीच्या कोणत्या अंगास मिळाली?" आम्हांस सांगता येईना. त्या पांढरीवर जाऊन पाहावे म्हणावे, तर पांढरच उरली नव्हती. तिची माती ट्रॅक्टरांनी शेतांत नेऊन टाकली होती. ज्या गोष्टीचा पुरावा म्हणून ती नाणी ठेवली होती ती गोष्ट गेली, आणि पुरावाही मुका झाला.

एका नाण्याचा मात्र अपवाद निघाला. ते कागदाच्या पुडीत होते व पुडीवर एका मुलाने पेन्सिलीने लिहिले होते : 'ओढ्याकडची बाजू. राखेच्या थरात. हातभर खाली. काळ्या-तांबड्या खापराजवळ.' त्यास तसे करण्यास आम्ही सांगितले नव्हते. अभ्यासक बाईंनी आपल्या वहीत नोंद घेतली ती त्या एकाच नाण्याची. सबंध कपाटाहून त्या मुलाची पुडी अधिक मोलाची ठरली.

५. जोपासनेविषयी प्रथम निषेध सांगतो, कारण वस्तूंचा नाश बहुधा अतिकाळजीने होतो.

तांबे व कांसे यांच्या वस्तू चिंच, लिंबू किंवा राख लावून उजळू नयेत. वरचे घट्ट हिरवट कवच हे वस्तूचे रक्षण करते आणि अक्षरांचे उठाव पुष्कळदा त्या कवचातच टिकलेले असतात. कवच गेले की लेख जातो. याउलट हिरवट कवचावर फिकट हिरव्या भुकटीचे ठिपके दिसू लागले तर तो रोग समजावा. जमिनीतील क्षार धातूत शिरून राहिलेले असतात. त्यांतील क्लोराइडास हवेतील ओलावा व प्राणवायू मिळाला की धातू आतून पोखरू लागतो. अशी वस्तू इतरांपासून निराळी करून, झाकण घट्ट बसणाऱ्या डब्यात कोरड्या सिलिका जेलसह ठेवावी, आतील सापेक्ष आर्द्रता ४० टक्क्यांच्या आत राखावी व तज्ज्ञास दाखवावी. कोकणात पावसाळ्यात हवेतील आर्द्रता ८० टक्क्यांच्याही वर जाते, हे ध्यानात घेतले म्हणजे उघड्या फळीवरील कांस्यमूर्तीची स्थिती कळून येईल.

लोखंडास ओलावा याहूनही बाधक. विदर्भातील शिलावर्तुळांतून निघणारी कुऱ्हाडी-भाल्यांसारखी लोखंडी हत्यारे कोरड्या डब्यातच ठेवली पाहिजेत. तेल चोपडून ठेवण्याची चाल घरगुती विळी-कोयत्यास ठीक. पुराणवस्तूवर तेलाने धूळ बसते व पुढील उपचारास अडथळा होतो.

शिशाची गोष्ट निराळी. लाकूड, प्लायवूड व साधा पुठ्ठा यांतून ॲसेटिक आम्लाची वाफ अत्यल्प प्रमाणात निघत राहते. बंद कपाटात ती साचली म्हणजे शिशाचा हळूहळू पांढरा चुरा होतो. आमची नऊ नाणी अशीच गेली. सातवाहनांची शिशाची नाणी ज्यांच्या संग्रही आहेत त्यांनी ती आजच लाकडी खणांतून काढून आम्लरहित कागदाच्या पाकिटांत घालून धातूच्या कपाटात ठेवावीत. पीव्हीसीच्या मऊ पिशव्याही वर्ज्य कराव्यात. त्यांतून निघणारी द्रव्ये नाण्यांस चिकटून त्यांस खातात. शिशाचा चुरा विषारी असल्याने हाताळल्यावर हात धुवावेत.

खापरे भाजलेली असल्याने पाणी सोसतात, परंतु सर्व धुवू नयेत. भांड्याच्या आतील करपलेल्या लेपावरून पूर्वी त्यात काय शिजत होते याचा शोध हल्ली रसायनशास्त्राने लागतो. काथ्याच्या एका घासण्याने तो पुरावा जातो. खापरावर पांढरे क्षार फुटत असतील तर ते ऊर्ध्वपातित पाण्यात भिजवून, पाणी बदलत राहून काढावे लागतात. हे काम जाणत्याच्या देखरेखीखाली करावे. कच्च्या मातीच्या वस्तूस पाणी लावू नये. इनामगावच्या मूर्तीसारखी मूर्ती पाण्यात घातली तर चिखलच हाती येईल. कोळसा मिळाल्यास त्यास हात, कापूस वा गोंद न लावता स्वच्छ ॲल्युमिनियमच्या पातळ पत्र्यात गुंडाळावे. कारण कर्ब-१४ पद्धतीने काल ठरविताना बाहेरचा सेंद्रिय मळ घात करतो. तुटलेली वस्तू बाजारी चिकट पदार्थांनी जोडू नये. जे परत उलगडता येत नाही ते करू नये, हा एकच नियम लक्षात ठेवला तरी पुष्कळ काम होईल.

६. आता नोंदवही. मराठेशाहीच्या दफ्तरांवर ज्यांनी काम केले आहे त्यांस जाबता व तपशील यांचे महत्त्व सांगणे नको. संग्रहाची नोंदवही हा त्याच जातीचा जाबता होय. वही पक्क्या बांधणीची, पानांस अनुक्रमांक असलेली असावी. सुटे कागद चालणार नाहीत. प्रत्येक वस्तूस पुढील रकाने असावेत :

पहिला, अनुक्रमांक. २०२४ साली आलेल्या सतराव्या समूहातील तिसऱ्या वस्तूस '२०२४·१७·३' असा अंक द्यावा. वस्तू हरवली वा दुसरीकडे गेली तरी तो अंक पुन्हा कोणास देऊ नये. दुसरा, वस्तूचे नाव, द्रव्य, मापे व वजन. तिसरा, स्थळ : गाव, तालुका, गट क्रमांक, टेकाडाची दिशा, खोली, मातीचा रंग. चौथा, साहचर्य : बरोबर काय मिळाले. पाचवा, कोणी, केव्हा व कोणत्या प्रसंगी मिळविली; दान, खरेदी की शोध. सहावा, हाती आली तेव्हाची स्थिती व छायाचित्राचा क्रमांक. सातवा, ठेवण्याची जागा. आठवा, हालचाल : कोणास पाहावयास दिली, केव्हा परत आली.

माहिती नसेल तेथे 'माहीत नाही' असेच लिहावे. 'बहुधा पैठण' असे लिहिलेले पुढच्या पिढीत 'पैठण' होते, आणि एका खोट्या स्थळनामाने जेवढा घोटाळा होतो तेवढा रिकाम्या रकान्याने होत नाही. विक्रेत्याने सांगितलेले स्थळ 'विक्रेत्याच्या सांगण्यावरून' असे स्पष्ट म्हणूनच नोंदावे. चूक दुरुस्त करताना खोडून काळे करू नये. एक रेघ मारून शेजारी नवे लिहावे व तारखेसह सही करावी, म्हणजे पूर्वी काय समज होता हेही कळते.

अंक वस्तूवरही असला पाहिजे, नाही तर वही व वस्तू यांची फारकत होते. खापर व दगड यांच्या न दिसणाऱ्या अंगावर पॅरालॉइड बी-७२ या रोगणाचा लहान पट्टा द्यावा, वाळल्यावर त्यावर काळ्या शाईने बारीक अंक लिहावा व वर पुन्हा रोगण द्यावे. ते ॲसिटोनने काढता येते व वस्तूस डाग पडत नाही. नाणी व मणी यांवर काही लिहू नये; पाकिटावर व आतील चिठ्ठीवर अंक घालावा. वहीची एक प्रत निराळ्या इमारतीत असावी. छायाचित्रांसह संगणकीय प्रत केली तर उत्तमच, पण शाईची वही सोडू नये. वर्षातून एकदा, दसऱ्यास म्हणा की पाडव्यास, वही हाती घेऊन प्रत्येक वस्तू जागेवर आहे का व तिची स्थिती कशी आहे, हे पडताळून सही करावी. शस्त्रपूजेच्या दिवशी शस्त्रे बाहेर काढण्याची चाल आपल्याकडे आहेच. तीत एवढी भर घालणे कठीण नाही.

७. कायद्याचाही विचार केला पाहिजे. भूमिगत निधीविषयीच्या १८७८ च्या अधिनियमाने दहा रुपयांहून अधिक किमतीचा पुरलेला ऐवज सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यास कळविणे शोधणाऱ्यावर बंधनकारक केले. पुराणवस्तूंविषयीचा १९७२ चा कायदा ५ एप्रिल १९७६ पासून अमलात आला. त्यात सामान्यतः शंभर वर्षांपूर्वीच्या वस्तू व पंचाहत्तर वर्षांपूर्वीची महत्त्वाची हस्तलिखिते पुराणवस्तू म्हणून धरली आहेत, आणि शासनाने अधिसूचित केलेल्या वर्गांतील वस्तूंची नोंदणी करणे मालकावर आहे. पुष्कळ संग्राहक या नोंदणीस जप्ती समजून भितात. वास्तविक चोरीस गेलेली मूर्ती परत मागावयाची वेळ आली, तर छायाचित्रासह झालेली नोंदच मालकाची बाजू मांडते.

शेवटची गोष्ट लिहिताना संकोच वाटतो, पण लिहिली पाहिजे. आपल्यापैकी पुष्कळ संग्राहक आमच्याच वयाचे आहेत. प्रत्येक वस्तूची हकिगत आपणांस तोंडपाठ आहे, आणि म्हणूनच ती कोठे लिहिलेली नाही. आपल्यामागे घरची मंडळी कपाट उघडतील तेव्हा त्यांस काय दिसेल? मोडकी खापरे, गंजलेले लोखंड आणि चांदी-तांब्याचा मोडीच्या भावाचा ऐवज. जी वस्तू नोंदीसह आहे ती वस्तुसंग्रहालय आनंदाने घेईल. नोंदीवाचून असलेली मोडीत जाईल, आणि त्यात घरच्यांचा अपराध म्हणता येणार नाही.

तरी वाचकांस विनंती अशी की, हा अंक मिटल्यावर नवी वस्तू शोधण्यापूर्वी एक वही विकत आणावी व जी वस्तू सर्वांत प्रथम मिळविली तिच्यापासून आरंभ करावा. जेवढे आठवते तेवढे लिहावे, आठवत नाही तेथे तसे लिहावे, खाली मिती घालून सही करावी. पोथीच्या अनाम लेखकाने शेवटच्या पानावर जी दोन ओळींची तसदी घेतली, तीवर आपला सारा अभ्यास उभा आहे. तेवढीच तसदी आपण पुढील अभ्यासकांसाठी घ्यावयाची आहे.